चौतीसची खूण

१

दरवर्षी जूनमध्ये आलापाती सर निळं पिंप व्हरांड्यातून ओढत आत आणत, तेव्हा मुलांना कळायचं की आता आवाजाचा धडा आला. पिंप कमरेला लागेल इतकं उंच. कधीकाळी त्यातून खोबरेल आलं होतं आणि कितीही घासलं तरी ऊन चढलं की त्याला तो वास सुटायचाच. त्यात काठोकाठ पाणी भरायचं. पाण्यात एक पांढरी प्लास्टिकची नळी उभी धरायची, दोन्ही तोंडं उघडी, अंगावर सेंटिमीटरच्या काळ्या खुणा. नळी वर उचलली की पाण्यावरची हवा लांब होते, खाली दाबली की आखूड होते. सवाई बेटावरच्या त्या शाळेत यापेक्षा भारी सामान नव्हतं, आणि सरांच्या मते लागतही नव्हतं.

"कान द्या," असं म्हणून सर नादकाटा चपलेच्या टाचेवर आपटत आणि नळीच्या तोंडाशी धरत. काट्याचा आवाज अगदी बारीक, पहिल्या बाकालाही जेमतेम पोचणारा. नळी हळूहळू वर येई. काही नाही. काही नाही. आणि सतराच्या खुणेशी ती एकदम गायला लागे. मागे पेंगणारं पोरगंही मान वर करी.

"काटा तोच, हात तोच. नळीला तिची लांबी सापडली म्हणून ती बोलली. चर्चमध्ये सगळेच गातात, पण लागीची मावशी गायला लागली की खिडकीची काच थरथरते की नाही? काचेला तेवढाच एक सूर कळतो. यालाच अनुनाद म्हणायचं."

लागीची मावशी दरवर्षी बदलायची, हशा तोच असायचा.

मग फळ्यावर उभी लाट काढायची. आवाज नळीतून खाली जातो, पाण्यावर आपटून वर येतो, आणि जाणारा-येणारा एकमेकांत असा अडकतो की एक लाट जागच्या जागी हलत राहते, कुठेच जात नाही. खालचं तोंड पाण्याने बंद, म्हणून नळी सतरावर वाजते आणि मग एकावन्नवर.

"आणि मधे?" कोणीतरी विचारी.

"मधे शांतता. बंद नळी चौतीसवर वाजत नाही. चौतीसवर वाजायचं तर ती खालूनही उघडी हवी."

हे सांगता सांगता सर नळी सतरावरून सरळ एकावन्नवर ओढत, झर्रकन. मधे हात थांबत नसे. अकरा वर्षांत तो एकदाही थांबला नव्हता. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण काही टाळतो आहोत हे सरांना स्वतःलाही आठवायचं नाही, निदान रोज तरी नाही.

यंदा पहिल्या बाकावरून इआनेताने हात वर केला.

"सर, मधे थांबून दाखवा ना."

"मधे काय आहे थांबायला? सांगितलं ना, शांतता आहे."

"मग ती ऐकू की."

वर्ग खिदळला. सरही हसले. तेवढ्यात बाहेर नीरफणसाच्या झाडाला टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवर कोणीतरी लोखंडी गज हाणला. शाळेची घंटा ती. मुलं पांगली, आणि सरांनी नळी पुसून कोपऱ्यात उभी केली. नळी पुसताना आपण तिचं खालचं तोंड तळव्याने झाकून धरलंय हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

२

बुधवारी प्रात्यक्षिक होतं. दोघादोघांनी प्रयोग करायचा, रीडिंग कागदावर लिहायचं, सरांनी सही करायची. शुक्रवारी सकाळच्या बोटीने राजधानी आपियाहून तपासनीस येणार, कागद बघणार, आणि हे गुण शेवटच्या परीक्षेत धरले जाणार.

आता कोणत्याही शाळेत जा, रीडिंग बसवली जातात. उत्तर आधी ठाऊक असतं. सतरा आणि एकावन्न यायला हवेत म्हटल्यावर ज्याचं अठरा आलं तो शेजाऱ्याच्या कागदाकडे बघतो आणि साडेसतरा लिहितो. सर ते बघून न बघितल्यासारखं करत. त्यांनी स्वतः कॉलेजात तेच केलं होतं आणि त्यांच्या सरांनीही केलं असणार.

इआनेताच्या कागदावर तीन आकडे होते. सतरा. चौतीस. एकावन्न. चौतीसपुढे तिने नीट अक्षरात लिहिलं होतं, 'सर्वात मोठा.'

सरांनी कागद दोनदा वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"ऐकलं ते लिहिलं, सर."

"जोडीला कोण होतं?"

"लागी. तिलाही आला आवाज. पण ती म्हणाली, लिहू नको, सर ओरडतील."

लागी बाजूलाच होती. ती वहीच्या कोपऱ्याची घडी घालत बसली.

"सर, एक विचारू?" इआनेता म्हणाली. "आई म्हणते, माझ्या ताईचंही चौतीसच आलं होतं. खरं का?"

तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. सोळा वर्षांची पोर, ताई गेली तेव्हा पाच वर्षांची असेल. तिला नुसतं कळून घ्यायचं होतं.

"आठवत नाही बुवा," सर म्हणाले. "इतकी मुलं येतात आणि जातात."

मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "हे बघ, नळी नीट धरली नसशील, हात हलला असेल. खोडून टाक ते. दोनच आकडे ठेव. पैकीच्या पैकी देतो."

"पण सर, आला होता आवाज."

"इआनेता."

"बरं, सर."

तिने खोडलं. रबर जुना होता, कागद तिथे काळवंडला आणि थोडा फाटला. ती ओशाळून म्हणाली, "सॉरी, सर." सरांनी सही केली. तिचं ते 'बरं, सर' त्यांच्या कानात राहिलं, कारण ते त्यांनी याच खोलीत आधी ऐकलेलं होतं.

३

फुआतिनो. नाव आठवत नसायला काय झालं.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत तपासनीस पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, हातात शहाळं. आलापाती सर तेव्हा मुख्याध्यापकपदाकडे डोळे लावून होते. तपासनीसाने कागद चाळता चाळता एक वर काढला.

"चौतीस? हे शिकवता तुम्ही?"

सरांनी फुआतिनोला पुढे बोलावलं. लावालावाचं निळं कापड कमरेला घट्ट गुंडाळलेली, वेणीला तेल चोपडलेली, वर्गातली सगळ्यात हुशार पोर. ती म्हणाली, "सर, खरंच वाजते. जणू खाली उघडं आहे."

"चल, दाखव."

तिने काटा वाजवला. सरांनी स्वतः नळी धरली, चौतीसच्या खुणेला आणली आणि वाकून कान लावला. दोघांची डोकी नळीवर एकत्र आली होती. आणि नळी वाजली. सतरापेक्षा खोल, अंगठ्यापासून कोपरापर्यंत हाडात जाणारा सूर. पाणी जराही हललं नाही. फुआतिनोने सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि ती हसली, कारण सरांना ऐकू आलंय हे तिला दिसलं होतं.

"काय हो, येतोय का आवाज?" तपासनीसाने खुर्चीतूनच विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

एवढंच. एका शब्दाचं काम. पुस्तकात नसलेली गोष्ट आपल्या खोलीत घडते हे परक्या माणसासमोर कबूल करायची त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेपायी त्यांनी जे केलं त्याची लाज पुढे अकरा वर्षं पुरली.

"मग हिने लिहिलं कसं?"

"बसवलं असेल. हुशार पोरींना जरा जास्तच सुचतं."

"मग कबूल कर म्हणावं."

फुआतिनोचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. ती सरांकडे बघत राहिली. मग खाली बघून पुटपुटली, "मी खोटं लिहिलं."

"ऐकू नाही आलं," तपासनीस म्हणाला.

आणि इथे सरांना विनोद सुचला. त्यांचे विनोद वर्गात चालायचे.

"नळीत तोंड घालून बोल. नळी आवाज मोठा करते, आजच शिकलीस ना? मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."

वर्ग हसला. तपासनीसाचं शहाळं हिंदकळलं. फुआतिनो वाकली, एका हाताने वेणी मागे धरून नळीवर तोंड ठेवलं आणि बोलली. "पुन्हा," सर म्हणाले. "मागच्या बाकापर्यंत." ती पुन्हा बोलली. पुन्हा. किती वेळा ते सरांनी मोजलं नाही, पण शेवटच्या खेपेला नळीने ते शब्द धरले आणि भरून परत दिले, आणि हसणारी मुलं गप्प झाली. नळी तेव्हा चौतीसवरच होती. सरांच्याच हातात.

कागदावर शून्य पडलं. तीन आठवड्यांनी फुआतिनो तळ्यावर आंघोळीला गेली ती आली नाही. गावामागे काळ्या दगडात ते गोड्या पाण्याचं तळं आहे. ते कपारीखाली कुठवर जातं कोणाला माहीत नाही. खालून समुद्रात उघडतं म्हणतात. दोन दिवस पोरांनी बुड्या मारल्या आणि त्यांना नुसता निळा लावालावा मिळाला. पाय घसरला, असं सगळं गाव म्हणालं, आणि सरही म्हणाले.

ते तिच्या घरी गेले होते, बरोबर रिवाजाप्रमाणे मांसाच्या डब्यांचं खोकं घेऊन. मागे, खांबाला टेकून बसले. तिची आई पेरिसे उठून त्यांच्याजवळ आली, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"सर, तुम्ही आलात, फार बरं केलंत. तुमचं नाव सारखं तिच्या तोंडी असायचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी मारलं हो तिला त्या दिवशी. ती सांगत होती, खरं लिहिलंय म्हणून. मी म्हटलं, सर कशाला खोटं बोलतील?"

सर तिथून जेवायच्या आधीच उठले. मुख्याध्यापक त्यांना कधीच केलं नाही, तो भाग वेगळा.

४

गुरुवारी शाळा सुटल्यावर सर प्रयोगशाळेत एकटेच थांबले. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन, मैदानावर कोणीतरी गवत कापत होतं. अशा वेळी माणूस काय घाबरणार? एकदा नीट बघून टाकू, त्यांनी ठरवलं. काहीतरी कारण असणार. नळीला चीर असेल, खालचं तोंड पिंपाच्या बुडाला टेकत असेल. कारण सापडलं की इआनेताला ते सांगता येईल, आणि मग आपण जे केलं ते चूक होतं, खोटं नव्हे, असंही म्हणता येईल.

काटा वाजवला. सतरावर नळी वाजली, नेहमीची, ओळखीची. सर नळी वर घेऊ लागले. वीस. पंचवीस. हाताला सवय झर्रकन ओढायची. त्यांनी तो दाताखाली ओठ धरून हळू केला. तीस. बाहेरचं गवत कापायचं यंत्र थांबलं.

चौतीसवर नळी वाजली.

अकरा वर्षांपूर्वीचाच सूर होता. सरांनी तो ओळखला, जसं पाठीमागून कोणी आपलं नाव घेतलं की आपण ओळखतो. त्यांनी काटा बाजूला केला. काटा केव्हाच गप्प झाला होता. नळी वाजत होती.

वारा असेल. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली वाजतेच. त्यांनी खिडक्यांच्या काचपट्ट्या एकेक करून बंद केल्या, पंखा बंद केला. नळी अडकणीत घट्ट बसवली आणि हात काढून घेतले. नळी वाजत राहिली, पण आता एकसंध नाही. सूर थोडा येई, थांबे, पुन्हा येई. सरांनी तळवा तिच्या तोंडावर ठेवला. तळव्याला ऊब लागली. तीन छोटे धक्के आणि विश्रांती. तीन धक्के आणि विश्रांती. शब्द नव्हते, नुसती चाल होती, वर्गासमोर उभं राहून तेच तेच वाक्य म्हणणाऱ्या मुलीची.

त्यांनी हात काढला. मोजमापाच्या माणसाला भीती वाटली की तो मोजायला लागतो. कोपऱ्यातली एक मीटरची लाकडी पट्टी घेऊन त्यांनी ती नळीच्या बाजूने पाण्यात सोडली. पन्नास. सत्तर. ऐंशीला बूड लागायला हवं होतं. पट्टी जात राहिली. नव्वद. त्यांची बोटं पाण्याला लागली. पट्टीचं टोक चिमटीत धरून ते पिंपावर वाकून उभे होते, आणि खाली पट्टी कशालाही टेकली नव्हती.

नळी गप्प झाली, का सर स्वतःच काही ऐकेनासे झाले, ते त्यांना नंतर सांगता येईना. त्यांनी पट्टी वर ओढली. ठार गप्प खोलीत ती पुन्हा पाण्यात सोडली तर ती एकोणऐंशीवर टक्कन बुडाला लागली. तिसऱ्यांदाही एकोणऐंशी.

चुकलं असेल, तिरकी गेली असेल, ते स्वतःशी म्हणाले. पण पट्टी शंभरापर्यंत ओली होती.

५

"चटई?" सरांची बायको सेफिना म्हणाली. "माझ्या आईने विणलेली? ती कशाला हवी तुला?"

संध्याकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. ती कोको ढवळत होती, सर दारात उभे होते, शर्टाची बाही अजून ओली.

"पेरिसेच्या घरी जायचंय उद्या पहाटे. अंगणात बसायचंय."

सेफिनाने ढवळणं थांबवलं. पहाटे दुसऱ्याच्या अंगणात चटई डोक्यावर पांघरून बसायचं म्हणजे काय हे त्या बेटावर लहान पोरालाही कळतं. ज्याच्या हातून घोर अपराध झाला तो असा बसतो. आतल्यांनी येऊन चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं.

"काय केलंस तू?"

"त्यांच्या थोरलीला एकदा वर्गात बोललो होतो. लागेल असं."

"आणि ते अकरा वर्षांनी आठवलं? बरा आहेस! आणि एकटाच जाणार? घराण्याचा मोठा, आपला मताई, नको बरोबर, दोन मोठी माणसं नकोत? पुढे बोलायला कोणीतरी लागतं ना!"

"नको कोणी. घरातलं म्हातारं माणूस पुढे केलं की त्याला सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?"

सर ओली बाही दुमडायला लागले. सेफिनाने आत जाऊन पेटीच्या तळातून चटई काढली. तिच्या आईने दोन वर्षं खपून विणलेली, कापडासारखी मऊ, काठाला लाल पिसं.

"मळवू नकोस," ती म्हणाली. "आणि आलापाती, जे असेल ते बोलून ये रे बाबा. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल."

सरांनी मान हलवली. पण मनातला हिशेब वेगळाच होता. चटईखाली बसणाऱ्याला बोलावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. नुसतं बसायचं. पेरिसे भली बाई, लगेच उचलेल. नऊच्या आत हातपाय धुऊन शाळेत. इआनेताच्या कागदावर सही झालेलीच होती. म्हणजे त्या रात्रीही, इतकं सगळं होऊन, सर रीडिंग बसवतच होते.

६

पहाटे झुंजुमुंजू होताना ते पेरिसेच्या अंगणात मांडी घालून बसले आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. खाली मान घातली. अंगण सुकं होतं, खड्यांचं. चटईला केवड्याच्या वाळल्या पानांचा वास होता. आत आपल्याच श्वासाची ऊब साठत गेली.

उजाडलं तसा विणीतून पिवळा उजेड झिरपायला लागला. कोंबडा ओरडला. घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब, त्यामुळे आतली हालचाल ऐकू येत होती. झोपायच्या चटया गुंडाळल्याचा आवाज, कोणीतरी दचकून "अगं आई!" म्हणालेलं, मग कुजबुज. रस्त्यावर सायकल थांबली. लोक जमत होते. सरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पंचावन्न वर्षांचा माणूस, अर्धं गाव त्याच्या हाताखाली शिकलेलं.

बराच वेळ कोणी आलं नाही.

मग चटईखाली गुणगुण सुरू झाली. सरांना आधी वाटलं आपल्याच घशातून येतेय. त्यांनी श्वास रोखला. गुणगुण थांबली नाही. ती खालून येत होती, खड्यांतून मांडीत आणि मांडीतून दातांत. वर चटई, खाली जमीन, बंद पोकळी आहे, त्यांनी तर्क केला, पोकळीला तिचा सूर असतोच. रस्त्यावर एखादी गाडी चालू असेल, तिचा सूर इथे लागत असेल. तर्क बरोबर होता. रस्त्यावर गाडी नव्हती.

तीन धक्के आणि विश्रांती.

डाव्या मांडीला गार लागलं. कापड ओलं होत होतं.

खांबांकडून पावलं आली. पेरिसेचा आवाज, झोपेतून उठलेला, गोंधळलेला.

"सर? तुम्ही आहात ना हो? हे काय आरंभलंत? तुम्ही कसली क्षमा मागता आमची? उठा बघू, लोक बघतायत..."

पावलं अगदी जवळ आली आणि थांबली. चटईचा काठ धरायला वाकलेल्या बाईचा श्वास सरांना ऐकू आला. मग तो श्वास मागे सरला.

"सर," पेरिसे म्हणाली, अगदी हळू. "तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

"दोघं आहेत, आई," इआनेताचा आवाज मागून आला. "मी मघापासून बघतेय, दोघं आहेत."

७

सरांनी मान वळवली नाही. नुसते डोळे डावीकडे नेले.

पिवळ्या उजेडात एक गुडघा होता. त्यावर एक हात, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या हातासारखा, बोटांच्या टोकांना पांढऱ्या सुरकुत्या. तेल लावलेली वेणी, ठिबकणारी. मान त्यांच्यापेक्षाही खाली घातलेली, इतकी खाली की चेहरा दिसत नव्हता, आणि देवाची कृपा की दिसत नव्हता. ती त्यांना धरायला आली नव्हती. हिशेब मागायलाही नाही. क्षमा मागणारा जसा बसतो तशी ती बसली होती, आईच्या अंगणात, चटईखाली, आणि पुटपुटत होती.

मी खोटं लिहिलं. मी खोटं लिहिलं. मी खोटं लिहिलं.

अकरा वर्षं ती एवढंच म्हणत होती. तू खोटं लिहिलं नव्हतंस, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो दरवर्षी जूनमध्ये नळी झर्रकन ओढत होता.

सरांना हुंदका आला. भीती होतीच, पण तिच्यावर मात करून जे वर आलं ती निखळ शरम होती, अंगभर, नखांपर्यंत. शेजारच्या त्या ओल्या पोरीपेक्षा आपण जास्त गार आहोत असं त्यांना वाटलं.

"मी ऐकलं होतं," ते कुजबुजले. "त्या दिवशी. मलाही आवाज आला होता."

पुटपुटणं थांबलं.

बाहेर सगळं शांत होतं. पेरिसे दोन पावलांवर असेल. इआनेता तिच्यामागे. रस्त्यावर गाव. त्यांच्यापैकी कोणालाही काही ऐकू गेलेलं नव्हतं, आणि क्षणभर, देव साक्षी आहे, सरांना त्याचं हायसं वाटलं. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं, आता चटई उचलली जाईल, उठून घरी जाता येईल.

शेजारी मान हलल्याचा आवाज झाला. ओल्या केसांतून पाणी खड्यांवर पडलं. मग त्यांच्या खांद्याशी, अगदी अदबीने, हुशार मुलीच्या स्वच्छ आवाजात कोणीतरी म्हणालं,

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही, सर."

चटई कोणीही उचलली नाही. ऊन वर चढत होतं, सकाळची बोट धक्क्याला लागल्याचा भोंगा लांबून आला. आलापाती सरांनी मान वर केली, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला आणि पहिल्यापासून मोठ्याने सांगायला सुरुवात केली.